पानावरचा आडवा हात

माझ्या सासूची भाकर गाय खात होती.

एक तिच्या तोंडात होती, बाकीच्या सहा टोपलीत, गव्हाणीशेजारी. लांबूनच ओळखल्या मी. त्या गावात बाजरीची भाकर व्हायची, ज्वारीची व्हायची. नागलीची, म्हणजे नाचणीची, फक्त आमची. काळपट तांबडी. आणि कडेनं सासूच्या अंगठ्याचे दाब. थापून झाली की कडेनं अंगठा फिरवायची तिची सवयच होती.

आम्ही सुरगाण्याकडचे. डोंगरातले. ही नव्वदनंतरची वर्षं. दिवाळी झाली की भात-नागली घरात टाकायची आणि निफाडच्या बाजूला द्राक्षाच्या कामाला यायचं. मी, नवरा आणि सासू. शेठच्या बागेच्या बांधावर झोपडी. दिवसभर मान वर करून घडातले बारीक मणी कात्रीनं काढायचे. संध्याकाळी मान खाली यायची नाही.

त्या साली गावात दत्तजयंतीचा सप्ताह बसला. भोंग्यावरून रोज पुकारायचे, घरटी पाच-पाच भाकरी आणा. आमटी गावची, भाकर ज्याच्या त्याच्या घरची, सगळ्या एकात मिसळायच्या नि पंगत बसायची.

सासूनं ते ऐकलं आणि हटूनच बसली. आपणबी द्यायची. मी म्हणलं, आपल्याला कोण घरात धरतंय? झोपडी म्हणजे काय घर झालं का? तर म्हणाली, चूल हाय ना, मग घरच. तिनं गाठोड्यातली नवी नागली काढली. आमच्यात नवं धान्य देवाला दाखवल्याबिगर कोणी तोंडात घालत नाही. गाठोडं महिनाभर तसंच बांधून होतं, आम्ही आपली विकतची बाजरी खात होतो. घरचा देव लांब राहिला, पण हा देव काय परका हाय का, असं तिचं म्हणणं. पहाटे दळली, पाचाच्या जागी सात थापल्या. एवढी खूश मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

भाकरी गोळा करायचं काम शेठच्या बायकोकडं होतं, काकूंकडं. घर देवळाला लागूनच. काकूंनी हसून घेतल्या. त्या टोपलीत ठेव गं, म्हणाल्या. टोपली वेगळी का, हे विचारायचं मला सुचलं नाही. आम्ही येडेच.

दुपारी पंगतीला पाणी वाढायला बादली कमी पडली म्हणून मला गोठ्यात पाठवलं, नि हे दिसलं. तळपायाची आग मस्तकात गेली. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. मी नुसतं गव्हाणीकडं बोट केलं. त्या जरा गडबडल्या. मग परत हसल्या.

"अगं, गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव असतात. देवालाच पोचली ना तुझी भाकर?"

"मग तुमच्या घरच्याबी हितंच टाका, काकू," मी म्हणलं. "पंगतीत कशाला नेल्या?"

हसू गेलं. तोंड सांभाळून बोल म्हणाल्या. मी टोपली उचलली आणि निघाले. बादली तिथंच राहिली. चांगलं वचन असं असतं बघा, कशावरही पांघरता येतं.

देवळापुढं पंगत बसलेली. गावातली माणसं पुढं, आम्ही मजूर पार शेवटच्या ओळीत. सासूनं घास घेतला नव्हता. मान लांब करून ती पुढच्या ओळीतली पानं बघत होती. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "आपली कोणाच्या पानात गेली असंल गं?"

मला रडू फुटलं. सांगू नये असं फार वाटलं. म्हातारी आहे, खूश आहे, राहू दे. पण तसं केलं असतं तर काकूंचंच काम मी पुरं केलं असतं. टोपली तिच्यापुढं ठेवली आणि सांगितलं, गेलीच नाही. गाईला घातली.

तिनं टोपलीतल्या भाकरी बोटानं मोजल्या. मला वाटलं, आता म्हणेल गप बस, शेठचं काम जाईल. पण म्हणाली, "आणलीय ना? मग वाढ."

मी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला गेले. नवी नागली आहे, देवासाठी आणलेली, घ्या, म्हणलं. पहिल्या माणसानं पानावर हात आडवा धरला. पोट भरलं म्हणाला. त्याची आमटी अजून वाफाळत होती. दुसऱ्यानंही हात आडवा धरला. मग तिसऱ्यानं. तोंडानं कोणी वाईट बोललं नाही, एक शिवी नाही. नुसते हात. शेवटाला कीर्तनकार महाराज बसले होते. सकाळीच त्यांनी सांगितलं होतं की अन्नाला जात नसते आणि भुकेला कूळ नसतं. मी मान डोलावली होती. त्यांच्यापुढं मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि हात आडवा केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सासू उठली. पान तसंच ठेवून उठली. बांधावर आम्ही तिघांनी त्या सहा भाकरी मीठ-मिरचीशी खाल्ल्या. नवरा घाबरलेला, आता काम कोण देईल म्हणून. सासू म्हणाली, हात आपले हायेत, ते काय त्यांनी दिले का? आणि मग म्हणाली, "देव नव्हता बघ तिथं. नुसती पंगत होती." दुसऱ्या दिवशी मण्यांची विरळणी अर्धी टाकून आम्ही झोपडी मोडली.

पुढं आम्ही सातपूरला आलो. नवरा कारखान्यात लागला. मी वर्कशॉपच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली चूल मांडली. सासू असेपर्यंत तीच थापायची, आता मी थापते, पोरगी हाताखाली असते. दुपारच्या सुट्टीत कामगार बाकावर बसून खातात. नागलीचीच भाकर. पहिल्यांदा आलेल्याचा हात मी बघते, आडवा होतो का. जेवण नंतर, आधी हात.

एवढ्यात एक दिवस मोटारसायकलवर काकूंचा मुलगा आला. त्यानं सातपूरलाच कारखाना टाकलाय, काकू त्याच्याकडं राहतात. त्याच्या एका कामगाराकडून माझ्या भाकरीचं त्याला कळलेलं. मला त्यानं ओळखलं नाही, मी ओळख दिली. मग खाली बघत बोलला. आईला शुगर झालीय, डॉक्टरांनी नागली सांगितलीय, चांगली कुठं मिळत नाही. रोज दोन भाकरी बांधून द्याल का? डब्याला माणूस पाठवतो.

मी तवा उतरवला.

"भाकर देते," म्हणलं. "डबा देणार नाही. काकूंनी हितं यायचं. या बाकावर, ह्या माणसांच्या ओळीत बसायचं, नि पान पुढं धरायचं."

कसं जमेल, म्हणाला. वय झालंय, लोक काय म्हणतील. एक घास चाखून तरी नेतो, आईला सांगतो कशी आहे.

"चव गाईला विचार," मी म्हणलं. "तिनं आधी खाल्लीय."

तो गेला. काकू अजून आल्या नाहीत. आल्या तर पहिली गरम भाकर त्यांच्या पानात टाकीन, कडेनं अंगठा फिरवून. दारात आलेल्याला उपाशी घालवायचं आम्हाला शिकवलेलं नाही. पण डबा जाणार नाही. आज नाही, मी मेल्यावरही नाही. पोरीला तसं सांगून ठेवलंय.