इंजिनातल्या फळ्या

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला साब म्हणायचा, मी त्याला मिस्त्री. संग्रहालयातल्या जुन्या विजेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या केबिनची लाकडी जमीन कुजली होती. ती नव्याने बसवायला तो अफझलगंजहून सायकलवर यायचा. अशी इंजिनं चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर आता नारायणगुड्याहून येऊन मी पाहुण्यांना हे इंजिन दाखवतो.

चपला तो खालीच काढून वर चढायचा. बोलायचा कमी, आणि बोललाच तर लाकडाशी. कुजलेली फळी उचकटताना म्हणायचा, "आहिस्ता, अम्मा, आहिस्ता." नवी फळी बसवायच्या आधी तिच्यावर बोटाने टकटक करून कान लावायचा.

शेवटची फळी बसली त्या दुपारी तो हँडलसमोर, ड्रायव्हरच्या जागी उभा राहिला. डोळे मिटून या पायावरून त्या पायावर झुलू लागला, धावत्या गाडीत आम्ही झुलायचो अगदी तसा. तेवढ्यात एक फळी करकरली. तो लगेच खाली बसला आणि तिचे सगळे स्क्रू काढू लागला.

"राहू द्या मिस्त्री," मी म्हणालो, "हे इंजिन आता कुठे चालणार आहे?"

त्याने फळीवर हात ठेवला. "आपकू मालूम, मेरेकू मालूम. लकडी कू नक्को बोलो, साब."

आता केबिनमध्ये कुणी पाहुण्याने "हे चालतं का?" असं विचारलं, की मी आधी त्याला खाली उतरवतो आणि मगच उत्तर देतो.