पूजेतून उचललेली रायफल

ती घटना दरवर्षी दसऱ्याला मला पुन्हा गाठते. आपट्याची पानं हातात आली की आधी आठवतं ते निळा डाग पडलेलं एक फडकं.

तेव्हा मी जोयडा तालुक्यात ठाण्याचा प्रमुख होतो. दसऱ्याच्या दिवशी उजाडता उजाडता एका गवळ्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली. चुकलेली म्हैस शोधत तो भाताच्या शेतांच्या कडेने चालला होता. त्याला जीपमधून बेळगावला हलवलं. तो शुद्धीवर होता, पण गोळी कुणी झाडली ते त्याने पाहिलं नव्हतं. रान तुडवूनही आम्हाला गोळी सापडली नाही.

खबर मात्र चालत आली. त्या शेतांना लागूनच मळा असलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ स्वतःच्या गाडीने ठाण्यात आला. "साहेब, लांब कशाला शोधताय? शेजारचा शेतकरी आणि गवळी, दोघांचं म्हशीवरून वैर आहे. 'एक दिवस गोळी घालतो' असं तो भर बाजारात ओरडला होता. ठासणीची बंदूक आहे त्याच्याकडे."

शेतकऱ्याला आणलं. पीक राखण्यासाठी त्याला बंदुकीचा परवाना होता. धमकीचं विचारताच तो उसळला.

"व्हय, म्हणलो! म्हशीला म्हणलो, माणसाला न्हाई. भात पोटरीला आलं की तिला माझंच शेत दिसतंय."

"बंदूक कुठे आहे?"

"पाटावर. खंडेनवमीला पुजलीय. दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याबगर हत्याराला कोण हात लावतंय, सायेब? विळी बी पाटावरच हाय. भाजी चिरायची सोय न्हाई, कालपासनं आमी नुसत्या आमटी-भातावर हाव."

आम्ही जाऊन पाहिलं. बंदुकीच्या घोड्यावर हळदकुंकू वाळलं होतं, वर झेंडूची माळ होती. माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, कुंकू काय, परत लावता येतं." त्याचं म्हणणं खरं होतं. भाबडेपणा हा पुरावा नसतो. वरिष्ठांचाही फोन आला, सणाचा दिवस आहे, माणूस मिळालाय, गुंडाळा. कलम खुनाच्या प्रयत्नाचं लागणार होतं. ते लागलं असतं तर त्याचं भात कापणीला आलं असतं तेव्हा तो कोठडीत असता.

मी गुंडाळलं नाही. गरिबाच्या घराची झडती आणि श्रीमंताच्या ओसरीवर चहा, ही पद्धत मला कधीच मान्य नव्हती. आसपासची प्रत्येक परवान्याची बंदूक तपासायची असं ठरवलं आणि पंच घेऊन पहिल्यांदा खबर देणाऱ्याच्याच दारात गेलो.

त्याच्याकडे रायफल होती. तीही झेंडूच्या माळेखाली, पाटावर. "वर्षभर हात लावलेला नाही," तो म्हणाला.

मी रायफल उघडून नळीतून पाहिलं. आमच्या या ओल्या मुलखात ठेवणीतल्या बंदुकीच्या नळीत तेल असतं, नाहीतर गंज. ही नळी कोरडी ठणठणीत आणि आरशासारखी लखलखीत होती. नाकाजवळ नेली तर उग्र वासाचा झणका नाकात गेला.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या घरी काम करणारी अक्का बोलली, "आता तरी ठेवा म्हणावं ती गप जाग्यावर. सकाळी बी पूजेतनं उचलली. म्या बोलले, 'अण्णा, उत्तरपूजा व्हायची हाय,' तर माझ्यावरच डाफरले."

"अक्का, तू चुलीकडं बघ!"

"चूल कुठली, ग्यास हाय की. आन् काचा पुसायची बाटली नेलीसा ती कुठं हाय? पाव्हणे येनारेत, खिडक्या कशानं पुसू?"

बाटली न्हाणीघरात मिळाली आणि तिच्याशेजारच्या बादलीत फडकं. पांढऱ्या कापडावर काजळीचे पट्टे आणि मधूनमधून गडद निळे डाग. तो हसला. "साहेब, बाटलीतलं पाणीच निळं आहे. बघा की."

पाणी निळं होतं खरं. पण हत्यारांच्या प्रशिक्षणात शिकलेली एक गोष्ट मला आठवत होती. रायफलच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. गोळी सुटताना त्या तांब्याचा पातळ थर नळीच्या आतल्या पीळदार खाचांना चिकटून राहतो. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तो तांबं विरघळवतो आणि निळा होतो. ठासणीच्या बंदुकीत शिशाची गोळी असते. तिथे तांब्याचा संबंधच नाही.

मी अक्काकडून धुतलेलं फडकं मागितलं, त्याच बाटलीतलं पाणी त्यावर मारलं आणि पंख्याखाली धरलं. वाळल्यावर फडकं पांढरंच दिसू लागलं. शेजारी बादलीतलं ठेवलं. त्याचे डाग मोराच्या पिसासारखे होते.

"ही निळाई बाटलीतली नाही, नळीतली आहे," मी म्हणालो. "वर्षभर हात लावला नाही म्हणता. मग आज सकाळी, पूजेतून उचलून, घासलीत कशाला?"

त्याने अक्काकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "डुक्कर वाटलं," तो म्हणाला. "किंकाळी ऐकली आणि पळालो. कसं साफ करायचं ते मोबाइलवर बघितलं."

त्या फडक्याने तांबं सांगितलं. गोळी केव्हा सुटली हे ते सांगू शकत नव्हतं. ते अक्काच्या जबाबाने सांगितलं. तिने तो नोकरी जाईल हे ठाऊक असताना दिला, आणि नोकरी गेलीही. आरोपीने दाखवलेल्या जागेसमोर मत्तीच्या झाडाच्या खोडात रुतलेली गोळी आम्ही पंचांसमक्ष काढली. प्रयोगशाळेने ती त्याच रायफलची असल्याचं कळवलं. पुढे त्याला शिक्षा झाली. माणसाला डुक्कर समजणं ही चूक होती. रक्ताळलेल्या माणसाला टाकून नळी घासत बसणं आणि शेजाऱ्याचं नाव पुढे करणं, हा गुन्हा होता. मी दोन्हींना एका तराजूत तोलत नाही.

शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी गवळ्याचा जबाब घ्यायला बेळगावला निघालो, तर हा जीपजवळ उभा. खिशात आपट्याची पानं. "मला बी न्या सायेब. सोनं द्यायचं ऱ्हायलंय."

इस्पितळात त्याने पानं गवळ्याच्या हातात ठेवली. गवळी पानांकडे बघत राहिला. "माझ्या म्हशीनं तुझं अर्धं शेत खाल्लं. तरी सोनं?"

"अर्धं न्हाई, पाऊण खाल्लंय. आदी पायावर हुबा ऱ्हा, मग भांडतो."

"माझ्या म्हशी कोण सोडतंय रे?"

"मीच. सकाळी पिळून, सोडून आलोय. ती बांडी लाथ मारती, सांगायचं न्हाई व्हय?"

दोघं हसले. गवळ्याच्या मांडीतून कळ गेली, तरी तो हसत राहिला.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की ओरडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणं सर्वांत सोपं असतं, आणि खबर देणाऱ्याचंही दार वाजवल्याशिवाय तपास पुरा होत नाही. आणखी एक. सत्य बोलायला वर्दी लागत नाही. अक्का आता त्याच शेतकऱ्याच्या आणि गवळ्याच्या वाडीजवळ स्वतःची खानावळ चालवते. दूध गवळ्याचं, तांदूळ शेतकऱ्याचा.

गेल्या दसऱ्याला मी तिथे जेवायला गेलो. विळी पाटावर होती, म्हणून भाजी नव्हती. आमटी-भात वाढता वाढता अक्का म्हणाली, "बसा निवांत. ते दोघं बी येतील आता, म्हशीवरनं भांडत."

आले. भांडतच आले.