डॉक्टरांना न सांगितलेले दुखणे

नानांविषयी मी लिहावे, हे मला शोभत नाही. ज्यांनी त्यांच्याबरोबर मिठागरात उन्हे काढली, त्यांनी लिहायला हवे. पण त्यांना अक्षर येत नाही, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी एकटाच. वाचकांनी क्षमा करावी.

नाना माझे चुलते. वडील गेल्यावर उरणच्या मिठागरात राबून त्यांनी मला शिकवले. शेवटची दोन वर्षे त्यांच्या काखेत बारा महिने छत्री असे. बांधावरून जाता जाता ते मध्येच थांबत, छत्री उघडून तिच्याआड बसत, आणि बराच वेळ उठत नसत. मीठ वाहणाऱ्या बाया हसत. "काय नाना, आभाल कुठं भरलंय?" "तुज्या घरावर! जा, सुकत घातलेली मासली उचल!" नाना आडूनच ओरडत. मीही हसत असे.

पुढे त्यांचे डोके दुखू लागले, चक्कर येऊ लागली. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना मोरा बंदरातून लाँचने मुंबईस, माझ्या कॉलेजजवळच्या दवाखान्यात आणले. धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत ते तीनदा भिंतीकडे वळले, तीनदा छत्री उघडली... आणि मी चार पावले पुढे जाऊन, त्यांचा कोणी नसल्यासारखा उभा राहिलो.

डॉक्टरांना मराठी बेताचेच येई, म्हणून दुभाषा मी. बाकावर नेमके माझ्या वर्गातले दोघे बसले होते. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याची नळी पाहिली. रक्ताचा दाब फार आहे, म्हणाले. मीठ बंद करा. ते ऐकून नानांना हसू आवरेना. "मिठागरवाल्याला मीठ बंद! बरा भेटला." आणखी काही त्रास आहे का, असे डॉक्टरांनी विचारले. मी ते नानांना सांगितले. ते माझ्या कानाशी आले. "सांग ना त्यांना. लगवी साफ होत न्हाय. थेंब थेंब... मना लाज वाटतं, तू सांग."

मला त्याचे इंग्रजी शब्द येत होते. मी म्हणालो, "नो, सर."

परतताना धक्क्यावर नाना एका खलाशाला सांगत होते, पोरगा डाकतरशी कसा झरझर बोलला ते.

पुढे वार्षिक परीक्षा संपली त्या दुपारी मी डॉक्टरांकडे गेलो आणि सारे सांगितले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि इंग्रजीत समजावून सांगितले. उतारवयात पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी वाढते. ती वाढ आणि रक्तदाब, दोन्ही म्हातारपणी पुष्कळांना होतात. एकामुळे दुसरे झाले, असे दर वेळी म्हणता येत नाही. पण लघवी तुंबून राहिली की मूत्रपिंडे थकतात, आणि मग दाबही चढतो. "त्या दिवशी कळते, तर मी आधी नळी घालून लघवी मोकळी केली असती," ते हळूच म्हणाले. "उद्याच घेऊन ये त्यांना."

मी धावतच वसतिगृहात आलो. पेटी भरायला खोलीत शिरलो, तर उंबऱ्याशी कार्ड पडले होते. गावच्या मास्तरांच्या हातचे...

"नाना मागच्या सोमवारी गेले. तीन दिवस लघवी अडली होती. परीक्षा होईपर्यंत पोराला कळवू नका, असे त्यांनीच बजावले होते. छत्री घरी तुझ्या खुंटीला अडकवली आहे."