नवामा बठ्ठं शे

प्रोसेसरचा खोका टेबलावर उभा करायचा, त्यावर दोन बोटं आपटायची आणि म्हणायचं, "नवामा बठ्ठं शे, भाऊ!" जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. नव्यात सगळं आहे, हे ऐकल्याशिवाय तिथून एकही गिऱ्हाईक सुटलं नसेल. जुनं मॉडेल मागणाऱ्याकडे तर नाना असं बघत, जणू त्याने शिळी भाकरी मागितली आहे.

समोरच्या अक्का निवृत्त शिक्षिका, डोळ्यांनी अधू झालेल्या. त्यांचा मुलगा वारला, पण त्याआधी आईसाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. पुसट छपाईची जुनी मराठी पुस्तकंही तो घडाघडा वाचून दाखवी. अक्कांची दुपार त्याच्यावर जाई.

एकदा विजेचा दाब वाढून त्यांचा कॉम्प्युटर जळाला. डिस्कवरचा प्रोग्रॅम तेवढा वाचला. नानांनी त्याच संध्याकाळी नवाकोरा कॉम्प्युटर जोडून दिला. बोटंही आपटली.

प्रोग्रॅम उघडे आणि लगेच मिटे. बरीच झटापट केल्यावर उलगडा झाला. मुलाने तो ज्या खास आदेशांच्या जोरावर बांधला होता, ते जुन्या प्रोसेसरला कळत होते. नव्यातून कंपनीने काढून टाकले होते. नाना एसटीने धुळ्याला जाऊन जुन्या पिढीतला एक घेऊन आले. तो निघाला त्याच पिढीतला स्वस्त भाऊ, त्यातही ते आदेश नव्हते. हवा तो पुढे कुठेच मिळाला नाही.

"तुम्हाला तरी कसं कळणार, नाना?" अक्का म्हणाल्या.

"मी न इचारता दिधं, अक्का. मनी चूक शे." चूक स्वतःकडे घेताना नानांची मान वर होईना. मी तिथेच उभा होतो. त्यांची लाज मलाच बघवेना.

खोक्यावर बोटं आपटणं त्या दिवशी संपलं. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून नाना अक्कांना वाचून दाखवायला जाऊ लागले. वाचन कसलं, नुसतं अडखळणं! अक्का उच्चार सुधारत राहायच्या. खुर्ची पुढे केली तरी नाना उंबऱ्यावरच बसत. "आठेच बरं शे," म्हणत उंबरा थोपटत.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. आता दुपारी मी जातो. परवा खुर्चीत बसून झरझर वाचत होतो, तर अक्कांनी हात वर केला.

"इतकं नीट नको वाचूस रे," त्या म्हणाल्या. त्यांचं तोंड उंबऱ्याकडे होतं.