बेहड्यातली बाळंतीण

मुलांनो, तुमची आजी किती शिस्तीची आहे, हे तुमच्या आईने सांगितलंच असेल. या उन्हाळ्यात मात्र माझा पाय एका जागी ठरेना, आणि त्याला कारण होतं एक झाड.

इथे अकोले तालुक्याच्या डोंगरात, आमच्या गावामागे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. लाकूड घ्यायचं ते फक्त देवाच्या कामाला, तेही गावाने ठरवून. यंदा देवळाची तुळई वाळवीने पोखरली होती आणि पावसाआधी छप्पर घालायचं होतं. गावाने एक म्हातारा, अर्धा वाळलेला बेहडा निवडला. हिरवी झाडं राहू द्यावीत, मरायला टेकलेलं तेवढं घ्यावं. विचार शहाणपणाचा होता.

झाड तोडण्याच्या आदल्या संध्याकाळी इथे निरोप देतात. भगताने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, बुंध्याशी तांदूळ ठेवले आणि हात जोडले. "जे कुनी ऱ्हात आसंल त्यानं सकाळपत्तुर दुसरीकडं जावं. देवाचं काम हाय, राग धरू नये."

माझी नजर वर गेली. उंचावरच्या ढोलीपाशी धनेश पक्षी येऊन बसला होता. चोचीतलं उंबर त्याने ढोलीच्या फटीत धरलं, आणि आतून दुसऱ्या चोचीने ते ओढून घेतलं.

धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात. निरोप ऐकला तरी ती जाणार कशी?

बोलावं की नाही? आपण चर्चला जाणारी माणसं. देवराईबद्दल शाळेतल्या बाईचं मत कुणी मागितलं नव्हतं. घरी येऊन चहा केला, तो तसाच निवला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तुमचे आजोबा वैतागले. "बस की गं जरा! करवत घेऊन मी निघालोय का?"

सकाळी सगळ्यांच्या आधी मी झाडाखाली जाऊन उभी राहिले. माणसं आली तशी सांगून टाकलं.

"निरोप दिला की बाई," भगत म्हणाला. "जायाचं ते गेलं आसंल."

"ती आत कोंडलेली आहे. पिलं असतील."

करवतवाला हसला. "मंग तुमीच चढा आन् उतरवा. वर्गातनं पोरं भायेर काडायची सवय हायेच तुमाला!"

सगळे हसले. माझे कान तापले. तेवढ्यात आमच्याकडे दूध घालणारी शेजारीण पुढे आली. "हसतो काय रं? बाळंतिनीला घराभायेर काडत्यात व्हय? तुजी बायको माहेरी बाळंत झाली, तवा सासऱ्यानं घर पाडलं हुतं का?"

करवतवाल्याने करवत खाली ठेवली. भगताने बराच वेळ वर पाहिलं. मग वाकून तांदूळ उचलले. "निरोप पोचला न्हाई म्हनायचा. ऱ्हाऊ द्या."

देवळावर ताडपत्री आली. वारा सुटला की ती फडफडे, आणि मला वाटे, गाव माझ्याच नावाने बोटं मोडतंय. रोज मान दुखेपर्यंत मी ढोलीकडे बघत बसे.

मृगाच्या तोंडावर मादीने लिंपण फोडलं. अंग चोरत फांदीवर आली, पंख झटकले. काही दिवसांनी मागोमाग पिलंही आली. मी देवळाकडे जवळजवळ धावतच गेले.

"गेली का पाव्हनी?" भगताने विचारलं. "आता निरोप देऊ?"

हो म्हणणं सोपं होतं. पण एवढी मोठी ढोली म्हाताऱ्या झाडालाच असते, आणि सगळी देवराई पालथी घालूनही मला दुसरी दिसली नव्हती.

"फाल्गुनात ती परत येईल," मी म्हटलं. "याच ढोलीत."

"दर साली?"

"दर साली."

तो पायरीवर बसला. टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग देवाला तुमीच सांगा बाई, छप्पर कशाचं घालायचं ते."