खांब अकरावा, तार दुसरी

हिंगोलीत टेलिफोन मी आणला, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ज्यांना खरं माहीत होतं ते एकेक करून कमी होत गेले, तसं हे सांगणं सोपं होत गेलं. आता मात्र मलाच खरं काय ते लिहून ठेवावंसं वाटतं. टेलिफोन हिंगोलीत माझ्या आधीच आलेला होता. मी आणली ती दुसरी तार, आणि तिच्यावरून कामाचं बोलणं जेमतेम दोन दिवस झालं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची दोन-तीन वर्षं असतील. अमदानी निजामाची. मी हट्ट्याच्या शाळेत मास्तर होतो. उर्दू बरी होती, इंग्रजी वर्तमानपत्र शिळं झाल्यावर का होईना वाचता येत होतं, आणि एवढ्या विद्येला हट्टा पुरत नाही असं माझं ठाम मत होतं. हिंगोलीतल्या एका जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, शेठांनी मुन्शी म्हणून बोलावलं, तेव्हा शाळेत माझा निरोपसमारंभ झाला. त्यात मुख्य भाषण मीच केलं. पहिल्या रांगेतली तीन पोरं झोपली. तरी भाषण संपवून मी सगळ्यांना सांगून आलो की यापुढे भेटायचं असेल तर आधी चिठ्ठी पाठवा, मी कामात असेन.

काम होतं सायकल चालवण्याचं. आमची जिन गावाबाहेर आणि शेठांची पेढी मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात. सरकी वेगळी झालेल्या रुईचे भाव तारेनं पेढीवर यायचे. ते चिठ्ठीवर उतरवून जिनवर पोचवायचे, म्हणजे तिथं उभ्या असलेल्या गाड्यांचा कापूस कोणत्या भावानं घ्यायचा ते ठरे. काळा कोट, डोक्यावर साहेबी टोपी आणि खिशात चिठ्ठी, असा मी दिवसातून चार वेळा त्या रस्त्यानं जायचो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना माझा कोट कधीच पटला नाही.

आमच्यापुढे अर्ध्या मैलावर दुसरी जिन होती. तिच्या मालकानं सरकारी परवानगीनं मोंढ्यापासून जिनपर्यंत खांब रोवून टेलिफोनची तार ओढली होती. सायकलची साखळी उतरली की मी नेमका त्या तारेखाली बसून ती चढवत असे, आणि वर वाऱ्यानं तार गुणगुणत असे. मला तर ती हसतेय असंच वाटायचं.

एक दिवस मी शेठांना म्हणालो, "आपणही टेलिफोन घ्यावा."

शेठ म्हणाले, "काहून? तुमची सायकल हळू चालते, का तुमी?" मला तिथं सगळे मास्तरच म्हणत. मुन्शी म्हणावं यासाठी मी केलेले प्रयत्न वाया गेले होते.

मी त्यांना विज्ञानाची प्रगती समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरं, करा. पण मास्तर, सगळी लिखापढी तुमच्यावर. यंदाच्या कापसाची पहिली गाडी फाटकातून आत येईल, तवा घंटी वाजली पाहिजे. न्हाई वाजली, तर हट्ट्याची शाळा हायेच तुमची."

हट्ट्याला परत जाण्यापेक्षा मी खांबाला उलटा लटकलो असतो. ते भाषण अजून कोणी विसरलं नव्हतं.

मी अर्ज लिहिला. त्यात फारसी शब्द इतके घातले की तहसीलच्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "यात मागितलंय काय?" मी म्हणालो, "खांब." तो म्हणाला, "मग खांब लिहा ना." अर्ज परभणीला गेला, तिथून आणखी वर गेला, आणि श्रावणात उत्तर आलं. एकाच वाटेवर खांबांची दुसरी रांग रोवता येणार नाही. तार हवी असल्यास आहे त्याच खांबांवरून न्यावी. खांबवाल्यानं वाजवी भाडं घेऊन जागा द्यावी, सबळ कारणाशिवाय नाही म्हणू नये.

हा कागद घेऊन मी पलीकडच्या जिनच्या मॅनेजरांकडे गेलो. शांत, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी पान पुढं केलं.

"मास्तर, तुमी काहून तकलीफ घेतली? हुकूम सरकारचा, खांब तुमचेच समजा. फक्त खांब दोन तारांचं वजन पेलतात का, ते आमचा माणूस तपासून सांगल."

"माणूस कुठं आहे?"

"गावाकडं. पोळ्याला गेला."

पोळा झाला. माणूस आला, तर म्हणे त्याची शिडी सुताराकडे. शिडी आली, तर त्याला ताप. ताप उतरला तेव्हा त्यानं एकवीस खांब हातानं हलवून पाहिले, प्रत्येकाजवळ विडी ओढली आणि सांगितलं की मजबूत आहेत. मग अटींचा कागद आला. त्यांची तार वर, आमची हातभर खाली. त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय आमच्या माणसानं खांबावर चढायचं नाही. मला तो कागद फार आवडला. त्यात सहा कलमं होती आणि मी दोन वाढवून दिली.

दसरा आला तेव्हा दहा खांबांपर्यंत तार ओढून झाली होती. अकराव्या खांबाशी काम थांबलं.

रस्ता तिथं नाल्याला वळसा घेई, खांब मात्र सरळ एका शेतातून गेले होते. शेत जवळच्या बंजारा तांड्याच्या नाईकाचं. अंगानं वाळलेला, साठीचा माणूस. अकरावा खांब त्याच्या शेताच्या बरोबर मधोमध उभा होता. आमची माणसं तार घेऊन आत शिरताच त्यानं बैलगाडी आडवी लावली आणि खाली सावलीत जाऊन बसला.

मी सायकलवरून गेलो. टोपी सरळ केली आणि सरकारी हुकूम उभ्यानं वाचून दाखवला. खांबवाल्याचं संमतिपत्र वाचलं. माझी दोन कलमं सावकाश वाचली. नाईकानं सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"यात आमचं नाव कुठं हाय?"

मी कागद वरखाली पाहिला. अकरा क्रमांकाचा खांब होता. तो सागाचा असून अठरा फूट उंच असल्याचंही होतं. तो कोणाच्या शेतात उभा आहे, हे आठ महिन्यांत कोणी लिहिलं नव्हतं. मी तर नव्हतंच लिहिलं.

"पण आधीची तार जाऊ दिलीत ना?" मी म्हणालो.

"व्हय. त्यांनी पुसलं, आमी दिलं. एका तारेला दिलं." तो जरा सरसावून बसला. "मास्तर, आमचा आजा लदणीचे बैल घेऊन फिरायचा. पाठीवर मीठ, दाणा. दर गावाच्या शिवेवर थांबायचा आन पुसायचा, जाऊ का म्हून. पुढल्या तांड्याला वाट दिली, म्हून मागल्या तांड्यानं तसंच घुसायचं, असं न्हाई. मागल्यानं पुन्हा पुसायचं. तुमी पुसलं?"

"मी हुकूम आणलाय."

"हुकूम तुमाला आला. आमाला कुठं आला?"

त्या काळात मी कायद्याची दोन जाड पुस्तकं वाचलेली होती. या प्रश्नाचं उत्तर त्यांत असेल म्हणून रात्र जागलो. नव्हतं. दोन दिवस मी शेठांना "तांत्रिक अडचण" असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "मास्तर, वेचणी सुरू झाली बरं का." मी पुन्हा शेतावर गेलो. या वेळी सायकल बांधाबाहेर ठेवली. टोपी सायकलला अडकवली.

"पुसायला आलो," मी म्हणालो.

"मंग तिथंच थांबा, शिवेवर," नाईक म्हणाला. त्याला मजा वाटत होती हे दिसत होतं, पण तो हसला नाही. "कोण तुमी?"

"मास्तर." हिंगोलीत आल्यापासून पहिल्यांदाच मी स्वतःला मुन्शी म्हणालो नाही.

"कुठून कुठं चाल्ले?"

"मोंढ्यातून जिनवर."

"काय माल?"

"बोलणं."

"कोणाचं?"

"शेठांचं."

"ओझं किती?"

बोलण्याला ओझं नसतं असं म्हणणार होतो, पण माझ्या भाषणात झोपलेली पोरं आठवली.

"वाट न्हाई दिली, तर तुमचं काय जातं?" त्यानं विचारलं.

"नोकरी," मी म्हणालो. "पहिली गाडी जिनच्या फाटकातून आत गेली आणि घंटी वाजली नाही, तर मला हट्ट्याला परत जावं लागेल."

"हट्टा चांगलं गाव हाय."

"गाव चांगलं आहे. मी तिथं फार बोलून आलोय."

आता मात्र तो हसला. मग त्यानं त्याची अट सांगितली. खांब शेताच्या मधून काढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न्यायचा. वखर चालवताना बैलांना खांबाला वळसा घालायची इतकी सवय झाली होती की दुसऱ्याच्या शेतात भाड्यानं गेले तरी ते मधोमध वळसा घालत, आणि लोक हसत. खांब हलवून देतो असं पलीकडच्या जिनवाल्यांनी कबूल केलं होतं. माणूस गावाकडं गेलाय, असं तेव्हापासून सांगत होते. तो माणूस मला माहीत होता.

मी मॅनेजरांकडे धावलो. मला वाटलं होतं की आणखी महिना जाईल. पण ते पटकन हो म्हणाले, कारण खांब हलवण्याचं काम आणि मजुरी दोन्ही आमच्याकडे आली होती. मला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मनापासूनचा आनंद दिसला.

खांब धुऱ्यावर गेला. पुढचे उरलेले खांब चार दिवसांत झाले. पाचव्या दिवशी सकाळी मी पेढीवर टेलिफोनसमोर बसलो होतो आणि तारा जोडणारा तारतंत्री तिकडं जिनवर जोडणी करत होता. तिथं काय झालं ते मला नंतर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. जोडणी व्हायची होती, आणि कापसाची पहिली गाडी आली. गाडी नाईकाची होती. शेठ हार घेऊन बाहेर आले. नाईकानं गाडी नेमकी फाटकात आणून थांबवली, बैल सोडले आणि त्यांना पाणी दाखवायला हौदावर नेलं. मागं सात गाड्या तटल्या.

"अरे, आत घे ना!" शेठ म्हणाले.

"बैल तहानले शेठ."

"एवढं पाणी पितात का?"

"लांबून आले," नाईक म्हणाला. त्याचं शेत फाटकावरून दिसत होतं.

बैल हौदावर उभे होते, पीत नव्हते. तेवढ्यात आत घंटी वाजली. नाईकानं बैल जुंपले आणि गाडी आत घेतली. माझी नोकरी राहिली.

इकडं मी पहिल्या बोलण्यासाठी चार वाक्यं पाठ केली होती. पहिलंच सुरू केलं, तर जिनवरून शेठ दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, गप बसा. ऐका." मी ऐकलं. आमच्या तारेत, जरा दुरून पण स्वच्छ, पलीकडचे मॅनेजर आपल्या पेढीशी बोलत होते. भाव सांगत होते. तारतंत्री नंतर म्हणाला की एका खांबावर शेजारी-शेजारी एकेरी तारा असल्या की असं व्हायचंच, एकीतलं दुसरीत उतरतं. त्याला आधी का सांगितलं नाही म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या आठ कलमांत हे विचारलंच नव्हतं."

दोन दिवस आमच्याकडे आनंदीआनंद होता. शेठ टेलिफोन कानाला लावून बसत आणि शेजाऱ्याचा भाव ऐकून आपला ठरवत. मला त्यांनी चहा पाजला. "मास्तर, तुमचं डोकं!" असंही म्हणाले. मी ते नाकारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरांचा आवाज आला. नेहमीसारखाच गोड. "पलीकडचे शेठ ऐकून राहिले असतील, तर राम राम. दोन दिवसांचे भाव आमी मुद्दाम वाढवून बोललो. आता तुमी महाग घेतलेला कापूस बराबर झाकून ठेवा. पाऊस येऊन राहिला."

त्यानंतर त्या तारांवर कोणीच कामाचं बोलेना. आम्ही त्यांना ऐकत होतो, ते आम्हाला ऐकत होते, आणि दोन्हीकडं नुसती शांतता असे. जेवायला येतो, पाहुणे आलेत, एवढंच बोललं जाई. उपाय होता. प्रत्येकानं दुहेरी तार घ्यायची. म्हणजे नवा अर्ज, नवी तपासणी, तोच माणूस, तीच शिडी. शेठांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "सायकलीत हवा भरून घ्या."

त्या दिवशी दुपारी मी भावाची चिठ्ठी खिशात घालून निघालो. धुऱ्यावरच्या खांबाशी आलो आणि साखळी उतरली. वर दोन तारा गुणगुणत होत्या. शेतात नाईक रब्बीसाठी वखर हाकत होता. वखर मधोमध आला, आणि बैलांनी नसलेल्या खांबाला वळसा घातला.

"सवय जाईल का त्यांची?" मी ओरडून विचारलं.

"जाईल," तो म्हणाला, आणि माझ्या सायकलकडं पाहिलं. "काय माल, मास्तर?"

"बोलणं."

"मंग वरून काहून न्हाई नेत?"

मी साखळी चढवत राहिलो. मग तो हात हलवून म्हणाला, "जा, जा. तुमाला वाट हाय."