कारवानी कुत्री आणि नाव न काढलेल्या विहिरी

कुत्र्याला मी कधी भ्याले नाही. माझं माहेर भोकरकडचं. तिथं दारात कुत्रं असायचंच, आल्यागेल्यावर भुंकायचं, शिळी भाकर खायचं आणि उकिरड्यावर झोपायचं. पण मुरुडच्या बाजूला सासरी आले आणि पहिल्याच सकाळी अंगणात जे उभं दिसलं, त्याला कुत्रं म्हणावं का हरणाचं पाडस, हे मला कळेना. लांबुडकं तोंड, पाठीला लागलेलं पोट, बरगडी न् बरगडी दिसणारी, आणि पाय तर नुसते बघत राहावं असे. मला वाटलं, ज्या घरात कुत्र्याला पोटभर मिळत नाही तिथं सुनेचं काय होणार! हळूच आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला विचारलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"कारवानी हाय ती बाई. ती तशीच असती. तुझ्यापरीस जास्त खाती!"

आमच्या घरात ही कारवानी जातीची कुत्री माझ्या आजेसासऱ्यांपासून. सशामागं पळायला. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, गाव तात्या म्हणायचं. मामा एरवी अबोल माणूस, पण कुत्रीचा विषय निघाला की तोंड थांबायचं नाही. ससा मारायला तेव्हाही बंदीच होती म्हणे. पण ती बंदी उस्मानाबादेहून आमच्या शिवारापर्यंत कधी चालत आली नव्हती. पुढं लातूर नवा जिल्हा झाला, साहेब लोक जवळ आले, तेव्हा कुठं लोक इकडंतिकडं बघून शिकारीला जायला लागले.

ती अंगणातली कुत्री, पिल्लं घालून जेमतेम महिना झाला असेल, सशामागं पळता पळता विहिरीत गेली. या कुत्र्यांचं असंच असतं. नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतात. एकदा ससा नजरेत आला की पुढं दुसरं काहीच दिसत नाही. बांध दिसत नाही, काटा दिसत नाही, विहीर तर नाहीच नाही. मामांनी तिला दोरानं वर काढली, आंब्याखाली पुरली आणि दोन दिवस जेवले नाहीत. बाकीची पिल्लं लोकांनी मागून नेली. एक मादी राहिली, ती माझ्या ओटीत आली. शेळीच्या दुधात फडकं बुडवून मी तिला चोखायला लावायची. रात्री माझ्या अंथरुणाच्या पायथ्याला झोपायची. मला तेव्हा लेकरू नव्हतं. आता जास्त काय सांगायचं!

तेव्हापासून माझ्या पोटात ती भीती बसली. ही पळायला लागली की हीही जाणार.

नवा जिल्हा झाला त्याच्या पुढंमागं पावसानं दगा दिला. एक साल कसंबसं गेलं, दुसऱ्या साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. आमची पोर, कुत्रीला मी पोरच म्हणायची, नेमकी तेव्हाच वयात आली. मामा तिला तयार करायला लागले.

उजाडायच्या आत तिला मुरमाड रस्त्यानं चालवायचं. पळवायचं नाही, नुसतं चालवायचं. मामा म्हणायचे, "आधी पाय पिकू द्या, मग पळू द्या." घरी आली की बाभळीच्या सालीचं उकळून गार केलेलं पाणी परातीत घेऊन तिचे तळवे त्यात बुडवून धरायचे. हे काम माझं. त्यानं कातडं घट्ट होतं. मग ताकात कुस्करलेली भाकर, असलं तर एखादं अंडं. आत्याबाई चुलीपुढून बोलायच्या, "माणसाला ताक न्हाई, अन् कुत्रीचे लाड बघा! तिला शालू पन आणा मुरुडच्या बाजारातून." शेजारचे टोमणे वेगळेच. "काय वैनी, तुमच्या कुत्रीकडं बघितलं की दुष्काळ दुसरीकडं बघायची गरजच न्हाई!"

पाय पिकल्यावर आमचे मालक सायकलवर पुढं आणि ती दोरीला मागं. मग सशाचं जुनं कातडं सुतळीला बांधून मामा रानातून ओढत पळायचे आणि मी तिला धरून बसायची. ते कातडं हललं की तिचं सगळं अंग थरथरायचं. तोंडातून आवाज नाही, भुंकणं नाही, नुसता थरकाप माझ्या हाताला लागायचा. मामा खूश व्हायचे. "बघ, कशी पेटून राहिली!" म्हणायचे. जितकी ती तयार, तितकी माझी भीती मोठी.

मामांनाही भीती होती, पण ते तसं बोलायचे नाहीत. त्यांनी आपला एक उपाय काढला होता. नव्या नवरीला जसं गावातल्या देवांच्या पाया पडायला फिरवतात, तसं त्यांनी तिला शिवारातल्या एकेका विहिरीवर फिरवलं. काठाजवळ बसवायचं, मानेवर हात ठेवायचा आणि आत दगड टाकायचा. पाणी आटलेलं. दगड खाली जाऊन ठक्क वाजायचा. तिचे कान मागं जायचे, ती अंग चोरायची. मामा म्हणायचे, "हां. ही वळखली. चल पुढच्या हिरीला." असं करत सगळं शिवार तिला तोंडपाठ झालं, असं त्यांना वाटलं. मलाही जरा बरं वाटलं.

शिमगा आला. धुळवडीला आमच्याकडं गावचे गडी पारधीला जायचे. दुष्काळ असला म्हणून काय झालं! मामांनी सकाळी तिच्या गळ्यात पट्टा घातला, कपाळाला गुलाल लावला. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच.

गडी गेले आणि आम्ही बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन ओळीत बसलो. माझ्या शेजारी एक जाऊबाई होती, भावकीतली. ती विहिरी खोदायच्या कामावर माती वाहायला जायची. तिनं सहज विचारलं, "कुठं गेले वो आज समदे?"

"पांदीच्या वर. पडीक रानात. ससे तिकडंच दिसून राहिलेत म्हणे."

ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत बसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई." मग म्हणाली, "कुत्रीला सोडणार का तिकडं?"

"मग? पारधीला कशाला नेलीय?"

"मी नाव न्हाई काढत माय. तुमच्या मामाला म्हणावं, तिकडं नका सोडू."

आता हे सांगायला पाहिजे. आमच्या त्या गावात एक रीत होती. विहीर खोदली आणि कोरडी लागली, तर मालक स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत तिचं नाव कुणी काढायचं नाही. जो काढंल त्याच्या विहिरीचं पाणी जातं, असं समजायचे. पाणाड्या नारळ तळहातावर उभा करून पाण्याची जागा दाखवायचा, माणूस आशेनं खाली खाली जायचा, शेवटी खडक लागायचा, आणि मग तो खड्डा तसाच सोडून सगळे गप बसायचे. माती वाहणाऱ्या बायासुद्धा.

मी तिचा दंड धरला. "हीर हाय का तिथं?"

तिनं मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणून नाही. पण मला कळलं. मामांनी दगड टाकून दाखवलेल्या विहिरींत ही नव्हती.

मी घागर ओळीत सोडली आणि पळाले. रानात ज्वारीची धसकटं उभी, पायात वहाण नाही. मागून बाया ओरडत होत्या, "अगं, नंबर जाईल!" जाऊ दे म्हटलं. पांदीची गाडीवाट ओलांडली तर लांबून गड्यांच्या आरोळ्या. ते ओळ धरून रान झोडत येत होते. आणि माझ्या समोर मुरमाचा ढिगारा, माणसापेक्षा उंच. मी धापा टाकत वर चढले आणि पाय जागीच थांबले. ढिगाऱ्याच्या पलीकडं लगेच खड्डा. कठडा नाही, काही नाही. आणि काठाला, खालून थोडा ओलावा झिरपला असेल तिथं, बोटभर हिरवी हरळी. सगळ्या वाळलेल्या रानात तेवढंच हिरवं. ससे इथंच का दिसायचे ते मला तेव्हा उमगलं. कुत्रीला खालून नुसता ढिगारा दिसणार. ती एका झेपेत वर येणार, आणि पुढं जमीन नाही.

मी वळून ओरडणार तेवढ्यात ससा उठला. गड्यांनी एकच गलका केला. मामांनी पट्टा सोडलेला मला दिसला.

ती पळताना मी कधी बघितली नव्हती. जमिनीला लागत नव्हती हो! मला इतकी भीती वाटत होती आणि तरी डोळा हटेना. ससा सरळ ढिगाऱ्याकडं, ती त्याच्यामागं. मी हात हलवले, बोंब मारली, कुणाला ऐकू जाणार! ससा माझ्या पायाजवळून काठाकाठानं निसटला. मी पदर दोन्ही हातांनी पसरून आडवी उभी राहिले. ती मला बघून आली नाही. तिला मी दिसलेच नाही. ती छातीवर येऊन आदळली तशी मी काठावरच आडवी पडले, आणि हातात तिचा एक पाय आला तो सोडला नाही. आमच्याखालचा मुरूम सुटून आत गेला. तो खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी डोळे मिटून घेतले.

मामा सगळ्यांत आधी आले. खाली बसून त्यांनी तिचे चारी पाय चाचपले, बरगड्या दाबून बघितल्या. मग मला म्हणाले, "तुला लागलं का पोरी?" आधी कुत्री, मग सून, म्हणून पुढं आत्याबाईंनी त्यांना लई चिडवलं. पण तेव्हा कुणी हसलं नाही.

मामा उठून खड्ड्यात बघत म्हणाले, "कुनाची ही?"

मग पारधीतलाच एक गडी पुढं आला. डोक्याचा फेटा काढून हातात धरला.

"माझी हाय तात्या. लई खाली गेलो. न्हाई लागलं."

त्यानं एकदा तोंड उघडलं आणि मग बाकीच्यांची पण तोंडं उघडली. "माझीबी हाय एक. ओढ्याच्या अंगाला." "आमची वरच्या वावरात. फांद्या टाकून ठिवल्यात." आणखी एक म्हणाला, "दोन हायेत, तात्या. दुसरी अर्धीच." जो तो आपापल्या दिशेला हात करून सांगत होता आणि मी कुत्रीला पोटाशी धरून बघत होते. चहूकडं खड्डे. ज्या रानातून तिला महिनोन्‌महिने फिरवली, त्याच्या पोटात हे सगळं होतं. ती मात्र मान काढून ससा गेला त्या बाजूलाच बघत होती, आणि तिचा थरकाप माझ्या अंगाला लागत होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती दार खरवडायला लागली. तिची तयारी पूर्ण झाली होती, तिला कोण सांगणार! मामा उठले, दोरी घेतली, अंगणात आले आणि उभेच राहिले. मग मला हाक मारली.

"दोरी तू धर. मी संगं येतो."

"मी कशाला मामा? तुम्हीच धरा की."

"माझ्या हातून सुटंल," ते म्हणाले. "ससा उठला की मला राहवणार न्हाई. मला मी ठावा हाय."

ते दुष्काळाचं सगळं साल आम्ही तसेच फिरलो. दोरीचे दोन वेढे माझ्या मनगटाला, कुत्री पुढं, मामा मागं. एखाद्या बांधावरून ससा उठला की ती असा हिसका द्यायची की खांदा निखळतो का काय! मी मटकन खाली बसायची, टाचा मातीत रोवायची, आणि ओरडायची, "मामा, उठलाय!"

मामा तेवढ्यापुरते पाठ फिरवून उभे राहायचे. हात मागं बांधलेले. "गेला का?" विचारायचे.

"न्हाई अजून."

"गेला की सांग."